पाणी मुळाशी, माथा कोरडा : टॉर्च लिलीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत टॉर्च लिलीचीच पत्रे जास्त, म्हणून सगळी जागा तिलाच दिली आहे. पत्रे मुख्यतः परदेशातली आहेत, कारण हे झाड थंड हवेत रमते आणि तिकडच्या नर्सऱ्यांत ‘रेड हॉट पोकर’ या नावाने सर्रास मिळते. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी: गवतासारख्या लांब पानांचा ठोंब, त्यातून कमरेएवढा सरळ दांडा आणि दांड्याच्या टोकाला नळीसारख्या फुलांचे भरगच्च कणीस, वर शेंदरी, खाली पिवळे. खंडोबाची दिवटी पेटवून उभी धरावी तसे.

नावात लिली असली तरी लिलीशी नाते नाही. ही कोरफडीच्या कुळातली. लिनिअसने १७५३ मध्ये तिला कोरफडीतच घालून ‘अ‍ॅलो युव्हेरिया’ म्हटले होते. पुढे १७९४ मध्ये म्यॉन्ख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची वेगळी प्रजाती केली आणि एर्फुर्टचे वैद्य क्निफोफ यांच्यावरून ‘क्निफोफिया’ असे नाव दिले. हे कोरफडीचे नाते लोकांच्या मनात इतके पक्के बसते की पाण्याच्या बाबतीत निम्म्या चुका त्यातूनच होतात.

प्रश्न : मे महिन्यात नर्सरीतून दोन कुंड्या आणून लावल्या. उन्हाळ्यात एकीला फूलही आले. ऑक्टोबरात पाने कापून वर जाड मल्च (सालीचे, पाल्याचे आच्छादन) घातला. एप्रिलमध्ये मल्च काढला तर दोन्ही गड्डे लिबलिबीत. थंडी सोसत नाही का? (एडिसन, न्यू जर्सी)

थंडी सोसते. हिवाळ्यातल्या कडाक्यावरून प्रदेशांचे जे क्रमांकवार ‘झोन’ पाडतात (आकडा लहान तितकी थंडी जास्त), त्यांत न्यू जर्सीचा बहुतेक भाग झोन ६ आणि ७ मध्ये येतो आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संकरित जाती तिथे तग धरतात. तुमची झाडे पाण्याने गेली, आणि ते पाणी आत शिरायला वाट करून दिली ती कात्रीने.

पान हातात घेऊन पाहा. ते पन्हळीसारखे मधोमध दुमडलेले असते. पाने एकात एक बसून बुडाशी एक पेला तयार होतो. पानांवर पडलेले पाणी पन्हळीतून थेट त्या पेल्यात, म्हणजे गड्ड्याच्या माथ्यावर उतरते. उन्हाळ्यात ते वाळून जाते. हिवाळ्यात तिथेच साचते, रात्री गोठते, दुपारी वितळते, आणि असे महिनाभर झाले की मधला कोंब कुजतो. पाने कापली की कापलेला प्रत्येक बुडखा पाण्याला उघडा पडतो. त्यावर ओला मल्च म्हणजे भिजलेले कांबळे पांघरूण घालण्यासारखे. कूज ओळखायची खूण सोपी आहे. मधले पान चिमटीत धरून हलके ओढा. निरोगी झाडात ते हलत नाही. कुजलेल्या झाडात ते बुडापासून अलगद सुटून हातात येते, टोक तपकिरी, बुळबुळीत, वास आंबूस.

या झाडाच्या मूळ गावी काय चालते ते पाहिले तर सगळे उलगडते. प्रजातीत सुमारे ७० जाती आहेत, बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या. ड्राकेन्सबर्गच्या डोंगरात पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा कडक पण कोरडा असतो. केपकडच्या जातींना हिवाळी पाऊस मिळतो, पण त्या उतारावरच्या झऱ्याकाठी वाढतात, जिथे पाणी वाहते असते. दोन्हीकडे वाढीच्या काळात मुळांना भरपूर पाणी, आणि साचलेले पाणी कुठेच नाही. न्यू जर्सीचा हिवाळा मात्र ओला असतो, आणि तुमच्या अंगणात चिकणमाती असणार.

पुन्हा लावताना आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा. पाणी तासाला २ ते ३ सेंमी उतरत असेल तर ठीक. त्याहून सावकाश उतरत असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नका, २० ते २५ सेंमी उंचीचा गादीवाफा करा. वाफ्याच्या मातीत तिसरा हिस्सा भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा, आणि ती सगळ्या मातीत सारखी मिसळा. चिकणमातीत खड्डा खणून तळाशी खडीचा थर देण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने निचरा होत नाही, आजूबाजूचे पाणी झिरपून त्या खड्ड्यात येते आणि झाडाखाली विहीर तयार होते.

गड्ड्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवा, वाफा खचेल असे वाटत असेल तर बोटभर वर. दोन झाडांत ४५ ते ६० सेंमी अंतर, उंच जातींना ७५. थंड प्रदेशात लावणी मेमध्येच करावी. ऑक्टोबरात लावलेले झाड मुळे धरायच्या आत गारठते.

हिवाळ्याची तयारी अशी: पाने कापायची नाहीत. नोव्हेंबरात, कोरड्या दिवशी, सगळी पाने वर गोळा करून शेंडी बांधतात तशी सुतळीने बांधा, टोकापासून विताएवढ्या अंतरावर, फार आवळू नका. बाहेरचे पाणी मग बाहेरच ओघळते. मल्च घालायचा तो ठोंबाच्या भोवती, ५ ते ८ सेंमी, पाइनच्या सालीसारखा मोकळा, आणि गड्ड्यापासून चार बोटे लांब. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कडाका संपल्यावर सुतळी सोडा आणि तेव्हा मेलेली पाने हातभर लांब असली तरी ८-१० सेंमी ठेवून कापा.

गड्डे फेकायच्या आधी एकदा धुऊन पाहा. मधला कोंब गेला तरी कडेला एखादा टणक, पांढरा फुटवा शिल्लक असतो. कुजका भाग पांढरे लागेपर्यंत कापा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत लावा. तो पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी फुलेल.

प्रश्न : तीन वर्षे झाली, पाने भरगच्च, दांडा एकही नाही. जागा लॉनच्या कडेला आहे. (लेस्टर)

‘लॉनच्या कडेला’ या शब्दांतच उत्तर असण्याची शक्यता आहे. लॉनच्या खतात नत्र भरपूर असते, आणि पसरणी यंत्राने टाकलेले खत फूट-दीड फूट बाहेर उडते. नत्राने पाने माजतात आणि दांडा धरत नाही. त्या बाजूला खत टाकणे थांबवा. झाडाला एप्रिलमध्ये एकदा दोन मुठी कंपोस्ट आणि हवे तर टोमॅटोसाठी मिळते तसले, पोटॅश जास्त असलेले खत द्या. एवढे पुरते.

दुसरे कारण उन्हाचे. रोज किमान सहा तास सरळ ऊन हवे. इंग्लंडात कुंपणाच्या उत्तर बाजूला लावलेले झाड हिरवेगार दिसते आणि फुलत नाही.

तिसरे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोरफडीची बहीण, म्हणजे पाणी नको, असा समज. मे-जूनमध्ये बुडाशी दांड्याची टोके डोकावू लागतात तेव्हा माती कोरडी असली तर टोके पानांतच वाळून जातात. त्या काळात पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा, झाडाला साधारण दहा लिटर, पाइप जमिनीला टेकवून मुळाशी द्या. फवारा माथ्यावर नको. कोरफडीच्या पानात पाणी साठवलेले असते, हिच्या पानात नसते. पान मोडून पाहिलेत तर गर दिसणार नाही.

आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत झाड उपटून हलवले असेल तर काहीच करू नका. ती रुसते आणि आपल्या सवडीने परत येते.

प्रश्न : कणसाचा वरचा भाग लाल, खालचा पिवळा, आणि सगळ्यात खाली तपकिरी होऊन लोंबतो. रोग आहे का? (डब्लिन)

रोग नाही. निशिगंधासारखीच फुले खालून वर उमलतात. कळी लाल-शेंदरी, उमलली की पिवळी, सुकली की तपकिरी. दोन-तृतीयांश कणीस तपकिरी झाले की दांडा बुडापासून कापा. नुसते वरचे कणीस खुडून दांडा ठेवलात तर तो पोकळ दांडा पाणी आत नेतो.

प्रश्न : घर घेतले तेव्हापासून मागच्या कुंपणाशी मोठा ठोंब आहे, आता मधोमध पोकळ झाला आहे. विभागून दोन मैत्रिणींना द्यायचा आहे. शेजारी म्हणतात हे तण आहे, देऊ नका. (मेलबर्न)

शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात टॉर्च लिली बागेतून निसटून रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी पसरली आहे आणि तिथे ती पर्यावरणाला उपद्रवी तण मानतात. न्यूझीलंडमध्येही ती रानोमाळ दिसते. आधी तुमच्या काउन्सिलची यादी पाहा. यादीत असेल तर वाटू नका. नसेल तरी दोन पथ्ये पाळा: दांडे बी धरायच्या आत कापायचे, आणि काढलेले गड्डे ओढ्याकडे किंवा मोकळ्या जागेत टाकायचे नाहीत. ती पसरते मुख्यतः बी आणि टाकलेल्या गड्ड्यांमधूनच.

विभागणी तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये, फुले संपल्यावर, किंवा मग ऑगस्टच्या अखेरीस. (उत्तर गोलार्धातल्यांनी एप्रिल-मे धरावा.) आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. पाने वीतभर ठेवून छाटा, नाहीतर करवतीसारख्या कडा हाताला लागतात. ठोंबापासून फूटभर अंतरावर गोल खणत जा आणि फोर्कने खालून उचला. मुळे सुतळीपेक्षा जाड, ठिसूळ आणि ओढली की काडकन मोडणारी असतात, त्यामुळे वरून ओढू नका. पाइपने माती धुऊन टाका. आता फुटवे वेगळे दिसतील, प्रत्येक पंख्यासारखा. दोन ते तीन पंखे आणि त्यांची स्वतःची मुळे असा एक भाग करा, जुन्या सुरीने. एकेका पंख्याचे तुकडे केले तर संख्या वाढते, पण फुलायला दोन वर्षे लागतात. मधला लाकडासारखा पोकळ भाग टाकून द्या, तो फुटत नाही. मुळे उन्हात पडू देऊ नका, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा, पूर्वी जेवढ्या खोलीवर होती तेवढ्याच. पहिले वर्ष फूल येणार नाही हे मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : बियांचे पाकीट आणले, दोनदा पेरले, काहीच उगवले नाही. शिवाय माझ्याच ‘आइस क्वीन’चे बी धरून ठेवले आहे, तेही पेरू का? (टोरोंटो)

बी काळे, तिकोनी, हलके. थेट गरम खोलीत पेरले की बऱ्याचदा झोपूनच राहते. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (नर्सरीत मिळणाऱ्या हलक्या, पाणी धरणाऱ्या खनिजात) मिसळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, चार ते सहा आठवडे ठेवा. जानेवारीत फ्रिजमध्ये घातले तर मार्चच्या सुरुवातीला पेरता येईल. बियांवर मातीचा थर ३ मिमीचाच द्या, तापमान २० अंशांच्या आसपास ठेवा. उगवायला तीन ते पाच आठवडे लागतात आणि सगळी एकदम उगवत नाहीत, म्हणून ट्रे लवकर ओतून टाकू नका. अंकुर अगदी कांद्याच्या रोपासारखा दिसतो. गवत समजून उपटला जाणे हे इथले नेहमीचे अपयश. तीन पाने आली की वेगळ्या कुंडीत, आणि रात्रीचे दहिवर गोठायचे थांबल्यावर बाहेर. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फूल. ‘फ्लेमेन्को’ नावाचे मिश्र रंगांचे बी मिळते, ते लवकर पेरले तर पहिल्याच वर्षी फुलू शकते.

‘आइस क्वीन’चे बी जरूर पेरा, पण आइस क्वीनची अपेक्षा ठेवू नका. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नसते, तसेच. तीच जात हवी असेल तर गड्डाच विभागावा लागतो.

प्रश्न : आमच्याकडची सगळी जुलैतच संपतात. नवरात्रात देवीपुढे ठेवता येतील अशी उशिरा फुलणारी जात आहे का? (स्लाउ, इंग्लंड)

आहे, आणि हा प्रश्न आला याचा आनंद वाटला, कारण देवीच्या पोताच्या, म्हणजे मशालीच्या, आकाराचे फूल नवरात्रात शोभते. ‘क्निफोफिया रूपेराय’ ही जात सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलते. तिचे कणीस लांबट नसून गोलसर, नारिंगी-लाल, उंची चार फुटांच्या आसपास. तिच्यासोबत ‘आइस क्वीन’ लावा, हिरवट कळ्या, पिवळी होत जाऊन शेवटी सायीच्या रंगाची, तीही उशिरा फुलते आणि तितकीच उंच होते. जागा कमी असेल तर फिकट पिवळी ‘लिटल मेड’ दोन फुटांतच आटोपते आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येते. ‘पॉप्सिकल’ मालिकेतल्या बुटक्या जाती पुन्हापुन्हा दांडे काढतात, पण वाळलेले दांडे वेळेवर कापले तरच. या शेवटच्या दोन्ही ४० सेंमी रुंद कुंडीतही चालतात.

फुलदाणीसाठी दांडा सकाळी कापा, खालची तिसरा हिस्सा फुले उमललेली असताना. कापलेला दांडा आडवा ठेवू नका. तासाभरात टोक वर वळू लागते आणि मग तो सरळ होत नाही. फुलांतून मध ठिबकतो, तो चिकट असतो, तेव्हा खाली देवीचे वस्त्र असेल तर ताम्हण ठेवा.

प्रश्न : पानांवर चंदेरी-तपकिरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके. (पोर्टलँड, ओरेगन)

फुलकिडे. काळे ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. कोरड्या, गरम दिवसांत वाढतात. पानांची दुमड उघडून आतल्या बाजूने कीटकनाशक साबणाचे पाणी मारा, दर पाच-सात दिवसांनी तीनदा, संध्याकाळी, आणि फुलांवर नको कारण मधमाश्या आणि हमिंगबर्ड तिथे येतात. झाड यामुळे मरत नाही. बुडाशी गोगलगाई असतात त्या मात्र कोवळे दांडे कुरतडतात. रात्री बॅटरी घेऊन पाने फाकवलीत तर वीस-पंचवीस सहज सापडतील.

प्रश्न : इंटरनेटवर फोटो पाहिला आणि वेड लागले. पुण्यात गच्चीवर येईल का? गड्डे ऑनलाइन मिळतात. (कोथरूड, पुणे)

मागवू नका. हे झाड ज्या झोनमध्ये चालते त्यांची उष्ण कड पुण्याच्या बरीच अलीकडे संपते. एप्रिल-मेची गच्ची, आणि पाठोपाठ जूनपासून उबदार, सतत ओला माथा, हे दोन्ही तिच्या मुळावर येतात. भारतात तिची जागा उटी, दार्जिलिंग, सिमला अशा ठिकाणी. महाबळेश्वर थंड आहे खरे, पण तिथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पेल्याचे काय होईल ते वर वाचलेच आहे.

आपल्याकडे अशीच मशाल हवी असेल तर घरातली कोरफडच फुलवा. तीन-चार वर्षांचे झाड, १२ इंची कुंडी, अर्धी वाळू, दिवसभर ऊन आणि दिवाळीनंतर पाणी अगदी कमी. पिले काढून टाकत राहा. हिवाळ्यात पिवळा फुलदांडा येतो, फुलाची घडण टॉर्च लिलीसारखीच, आणि शिंजीर त्यावर हटकून येतात. टॉर्च लिलीवरही तिच्या देशात शिंजिराचेच भाऊबंद मध प्यायला येतात.

ज्वाळेचा रंगच हवा असेल तर कळलावी. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा, दोन फाट्यांचा. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर आडवा, ५-६ सेंमी खोल लावा. कोंब फाट्याच्या टोकाला असतो, ते टोक मोडले की संपले. वेलीला काठी द्या, पानांची टोके वेटोळी होऊन ती स्वतःच धरते. पावसाळ्यात पिवळ्या-हिरव्या कळ्या उमलून लाल होतात. पाऊस संपला की वेल वाळते, मग जूनपर्यंत पाणी बंद. सगळे झाड, विशेषतः कंद, कोल्चिसिनमुळे जीवघेणे विषारी आहे. हातमोजे घाला, आणि घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर कोरफडीवरच थांबा.

नावाच्या साधर्म्याने ‘टॉर्च जिंजर’ विकत घेणारेही आहेत. ती आल्याच्या कुळातली, इंडोनेशिया-मलेशियाकडची. कोकणात, गोव्याच्या कुळागरात पोफळीच्या सावलीत उत्तम येते, पण पानांचे दांडे दहा-पंधरा फूट जातात. गच्चीवरच्या कुंडीत ती लावणे म्हणजे केळ लावण्यासारखेच.